जुनी गाणी आणि हरवलेली गाणी

“गाणी होती ती पूर्वी, आता उरला तो गोंगाट.” हे वाक्य कधी ऐकले नाही असा एकही श्रोता या सभागृहात नसेल, आणि साठी ओलांडलेल्यांपैकी ते स्वतः उच्चारले नाही असाही बहुधा कोणी नसेल. आम्हीही ते उच्चारले आहे. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या या किनाऱ्यावर सायंकाळी पारावर, वाचनालयात किंवा एस. टी. च्या थांब्यावर दोन वृद्ध एकत्र आले आणि बोलणे गाण्यांवर गेले, म्हणजे ते याच मुक्कामाला पोहोचते. तेव्हा या तक्रारीचा थोडा इतिहास पाहावा, तीत खरे किती व भावनेचे किती हे निवडावे, आणि तिच्या भरात आपण काही विसरत तर नाही ना, हेही तपासावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ही तक्रार मुळीच नवी नाही. प्राचीन ग्रीसमध्ये प्लेटोनेही, गायनाचे जुने नियम मोडून लोकांच्या टाळ्यांमागे धावणाऱ्या गवयांना दोष दिला होता. पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आपल्याच देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा थोर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने रागांची मांडणी करताना काही रागांना ‘पूर्वप्रसिद्ध’ म्हटले आहे व काहींना ‘अधुनाप्रसिद्ध’. म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वीही जुनी गाणी मागे पडत होती आणि नवी पुढे येत होती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शार्ङ्गदेवाने त्यांना ‘उत्तम’ आणि ‘भ्रष्ट’ अशी नावे दिली नाहीत. एक पूर्वी प्रसिद्ध होते, दुसरे आज आहे. एवढीच त्याची नोंद. हा समतोल पुढच्या पिढ्यांना साधला नाही.

मराठी रंगभूमीचे उदाहरण घ्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली कीर्तनाच्या, साकी-दिंडीच्या, लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या वळणाच्या होत्या. घरी गेलेला प्रेक्षक त्या सहज गुणगुणत असे. पुढे १९११ मध्ये ‘मानापमान’ आले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली दिल्या, आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच रंगमंचावर आणून बसविली. बालगंधर्वांच्या गाण्यावर महाराष्ट्र लुब्ध झाला, ‘वन्समोअर’च्या मागण्यांनी रात्री सरू लागल्या; आणि किर्लोस्करी वळणाचे जुने रसिक मात्र म्हणू लागले की, नाटक राहिले बाजूला, ही तर गाण्याची बैठक झाली! १९३२ मध्ये मराठी बोलपट आला. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने मोजकी, छोटी, भावपूर्ण गाणी रंगभूमीवर आणली. तेव्हा गंधर्वांच्या गाण्यावर पोसलेल्यांना ती गाणी पाणचट वाटली. ज्यांना काल ‘नवे’ म्हणून नाके मुरडली, त्यांचीच आज ‘जुने ते सोने’ म्हणून आठवण निघते, हा क्रम येथून पुढे अव्याहत चालू आहे.

मग आली ध्वनिमुद्रिका. आमच्या लहानपणी लग्नकार्यात चावीचा फोनो भाड्याने आणीत. तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे गाणे मावे. या तीन मिनिटांनी आपल्या संगीतावर केवढा परिणाम केला! तासभर चालणारा आलाप त्यात बसेना. बसे ती कविता. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३०-नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुद्रिकेवर गायिली आणि मराठी भावगीताचे युग उजाडले. गजाननराव वाटव्यांनी कविता गणेशोत्सवाच्या मांडवांत, हजारोंच्या समुदायात नेली. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या पेटीत खाऊबरोबर एखादी तबकडी असे. रेवसच्या धक्क्यावर उतरली की ती पुढे बैलगाडीने गावी जाई. शास्त्रीय गवई मात्र या ‘तीन मिनिटांच्या गाण्या’कडे फारसे आदराने पाहत नसत. ज्याला आपण मराठी सुगम संगीताचे वैभव म्हणतो, त्याचा जन्म असा यंत्राच्या सोयीतून व जाणत्यांच्या नापसंतीतून झाला आहे.

नभोवाणीची कथा तर याहून बोधप्रद आहे. १९४० मध्ये नभोवाणीने बाजाच्या पेटीवर बंदी घातली. ती पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. पेटी हे परकीय वाद्य, ते आपल्या श्रुती बिघडवते, असा आक्षेप होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. ते पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडत आहे असे त्यांचे ठाम मत होते. नभोवाणीने चित्रपटगीतांचे प्रमाण घटवले, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे थांबवले; निर्मात्यांनी आपले परवाने काढून घेतले, आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी सुई फिरवून सिलोन लावले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घरोघर ओळखीचा झाला. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारलाच ती गाणी परत आणावी लागली.

श्रोतेहो, १९५२ ची ही गाणी कोणती? ज्या काळच्या गाण्यांना आज आपण ‘सुवर्णयुग’ म्हणतो, ज्यांची ‘आठवणीतली गाणी’ म्हणून तिकिटे लावून मैफली होतात, तीच ही गाणी. आजोबांनी ज्यांना गोंगाट म्हटले, त्यांवर नातवाने आयुष्यभर प्रेम केले. आणि आता तोच नातू आजोबा होऊन पुढच्या नातवाच्या गाण्यांना गोंगाट म्हणत आहे!

तेव्हा ही तक्रार म्हणजे निव्वळ म्हातारपणाचा चाळा म्हणावयाचा काय? काही अंशी तसे आहे खरे. होलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरनिराळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या सालांतली गाणी ऐकविली, तेव्हा बहुतेकांना आपण तेवीस-चोवीस वर्षांचे असताना गाजत असलेली गाणी सर्वांत प्रिय ठरली. म्हणजे आपण ज्याला गाण्याचे सोने म्हणतो, त्यात आपल्या तारुण्याचे सोने बरेच मिसळलेले असते. शिवाय काळाची चाळणी आहे. १९५५ सालीही रद्दड गाणी निघत होतीच; ती आज कोणी वाजवीत नाही, म्हणून आपल्याला ती आठवत नाहीत. पाखडलेले जुने तांदूळ आणि आजचे न पाखडलेले भात शेजारी ठेवून तुलना करणे हा न्याय नव्हे.

पण तक्रारीत काहीच तथ्य नाही असे म्हणणे हाही अन्यायच होईल. सुगम संगीतातले एक थोर नाव आपल्या जिल्ह्याचे आहे. यशवंत देव यांचा जन्म १९२६ मध्ये पेण येथे झाला. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी मोठे काम केले, आणि ‘शब्दप्रधान गायकी’ हा विचार मराठी गायकांपुढे ठेवला. गाणाऱ्याने आधी कविता वाचावी, तिचा अर्थ कळावा, मग स्वर लावावा. शब्द मोडून स्वर दाखवू नये, असा त्या विचाराचा सारांश. त्या काळी कवी, संगीतकार व गायक एका खोलीत बसत, तालमी होत, आणि मगच ध्वनिमुद्रण होई. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्राने वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते सादर केली. ग. दि. माडगूळकरांनी ती लिहिली, सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या. श्रोता पुढच्या शुक्रवारची वाट पाही. ज्याची वाट पाहावी लागते ते मनात खोल जाते, हे कोणासही पटेल.

दुसरे असे की, ऐकणे सामुदायिक होते. गावात रेडिओ दोन किंवा तीन. एक बहुधा चहाच्या दुकानात. ‘आपली आवड’ लागली की खोत, कुळ, मास्तर, नाखवा, सगळ्यांच्या कानी एकच गाणे पडे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे आहे. एका घरात चार माणसे असतील तर चार निरनिराळी युगे नांदत असतात. पण याचीही दुसरी बाजू आहे. पूर्वी कोणते गाणे निघावे हे कंपनी ठरवी, किंवा आकाशवाणीची निवडसमिती. आज उरण किंवा मुरूडच्या एखाद्या कोळीवाड्यातला मुलगा आपले गाणे स्वतः रचून, स्वतः मुद्रित करून सायंकाळपर्यंत दुबईतल्या आपल्या गाववाल्याला ऐकवतो. त्यासाठी त्याला कोणाचा उंबरठा झिजवावा लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे.

आता आपल्या किनाऱ्याच्या खास गाण्याकडे, कोळीगीताकडे वळू. आजच्या हळदीतला डीजे ऐकून वृद्ध माणसे म्हणतात, “कोळीगीते होती ती जुनी!” आणि उदाहरण म्हणून पहिले नाव घेतात ‘मी डोलकर’. गाणे उत्तमच आहे. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड करून रोवलेले पिशवीसारखे जाळे. त्यावर जगणारा तो डोलकर. हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते त्यांच्या तोंडीही हा शब्द या गाण्याने घातला. पण ते लिहिले शांता शेळके यांनी, चाल दिली हृदयनाथ मंगेशकरांनी, आणि गायिले लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी. यांतले कोणीही डोलीवर गेलेले नव्हते. कोळ्यांच्या ठेक्यावरून मुंबईच्या स्टुडिओत घडविलेली ती नवी वस्तू होती. नंतर १९८० च्या सुमारास कॅसेटी आल्या. कोळी-आगरी गायकांची स्वतःची मंडळे पुढे आली. वेसावकर मंडळींची गाणी किनाराभर वाजू लागली. बेंजो पार्ट्या निघाल्या आणि शेवटी डीजे आला. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीला ‘अस्सल’ म्हटले गेले. मग या सर्वांच्या आधी काय होते?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुस्तकात मिळाले नाही; एका मांडवात मिळाले.

काही वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका गावी आम्ही हळदीस गेलो होतो. दुपारची वेळ. डीजेची गाडी अजून यावयाची होती. पोरे तारा ओढीत होती. मांडवाच्या एका कोपऱ्यात एक वृद्ध स्त्री बसली होती. तिने कोणालाही न विचारता गाण्यास प्रारंभ केला. चाल तीन-चार स्वरांचीच, संथ. मागून दुसऱ्या दोघी शेवटचा शब्द उचलीत होत्या. ती गावच्या देवांना, कुळाच्या वाडवडिलांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलावीत होती. विधीचा क्रम तिच्या गाण्यात होता; ती जे गाई ते बायका करीत. ती होती धवलारीण, आणि ती गात होती तो धवला. आपल्या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी समाजात पिढ्यान्‌पिढ्या तिच्या गाण्याने लग्ने लागत आली. विवाहाचे चित्रण करण्यास आणलेल्या तरुणाने तेवढ्या वेळात आपला कॅमेरा बंद करून ठेवला होता; रात्रीच्या नाचासाठी बॅटरी राखावयाची होती. त्याला नावे कशी ठेवावी? आमच्याही खिशात मोबाईल होता. आम्हीही तो बाहेर काढला नाही. मग डीजेची गाडी आली आणि धवला मध्येच थांबला.

घरी आल्यावर मात्र तो शब्द आम्हांस स्वस्थ बसू देईना. धवला! महानुभाव पंथातील महदाइसेने तेराव्या शतकात, रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या इच्छेवरून विवाहप्रसंगाची जी गाणी रचली, तीच ‘धवळे’ नावाने मराठी वाङ्मयात प्रसिद्ध आहेत. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती, आणि तिची रचना म्हणजे लग्नातली गाणी. आणि आरंभी ज्याचे नाव घेतले त्या शार्ङ्गदेवाने आपल्या ग्रंथात लोकांत रूढ असलेल्या गीतप्रकारांची जी यादी दिली आहे, तीत ‘ओवी’ आहे, ‘मंगल’ आहे आणि ‘धवल’ही आहे. देवगिरीच्या पंडिताने नोंदलेला, महदाइसेने गायिलेला हा प्रकार आपल्या किनाऱ्यावर, मांडवाच्या कोपऱ्यात, अजून श्वास घेत होता. आणि आम्ही ‘जुन्या गाण्यां’चे अभिमानी तिकडे पाठ फिरवून सरबत पीत होतो.

पुढच्या वर्षी आम्ही मुद्दाम त्या आजींकडे गेलो, या वेळी मुद्रणाची तयारी करून. त्यांनी प्रेमाने बसवून घेतले; पण आवाज गेला होता. गाता येत नाही, सांगते, असे त्या म्हणाल्या. सांगू लागल्या आणि चार ओळींवर अडखळल्या. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तेथेच थांबल्या. जे गाताना आपोआप येई ते बोलताना येईना. शब्द चालीला बांधलेले होते, चाल गेली तसे तेही गेले. सुनांपैकी, नातींपैकी कोणी शिकले आहे काय, असे आम्ही विचारले. कोणाला वेळ नाही आणि आता कोणी बोलावीतही नाही, असे त्यांनी सांगितले, आणि उठून चहा ठेवला.

श्रोतेहो, परतताना आम्हांस जे उमगले ते एवढेच. ज्या गाण्यांसाठी आपण हळहळतो ती हरवलेलीच नाहीत. बालगंधर्व मुद्रिकांवर आहेत. ‘गीतरामायण’ कोणत्याही क्षणी ऐकता येते. १९५२ ची ती चित्रपटगीते तर बोट लावताच वाजतात, आणि आमच्या बालपणी कधी ऐकू आली नसतील इतकी स्वच्छ वाजतात. आपण शोक करतो तो सर्वांत उत्तम जतन झालेल्या गोष्टींचा. जे खरोखर नाहीसे होत आहे त्याचा शोक कोणी करीत नाही; कारण ते तबकडीवर आले नाही, रेडिओवर लागले नाही, ‘आपली आवड’साठी कोणी त्याचे पत्र धाडले नाही. यंत्राने जे राखले त्यालाच आपण ‘जुने’ म्हणू लागलो. शार्ङ्गदेवाच्या दोन वर्गांत आता तिसऱ्याची भर घातली पाहिजे: जे पूर्वीही प्रसिद्ध नव्हते आणि आजही नाही, पण ज्यावाचून कालपर्यंत एकही लग्न लागत नव्हते.

काही अभ्यासकांनी धवले पुस्तकांत उतरवून घेतले आहेत. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु कागदावर शब्द राहतो, गळा राहत नाही. येथे नव्या काळाला दूषणे देऊन भागणार नाही. उलट त्याचे आभारच मानले पाहिजेत. १९३० साली एक गाणे मुद्रित करावयाचे तर कंपनी लागे, स्टुडिओ लागे, मुंबई गाठावी लागे. आज जे यंत्र नातवाच्या हाती पाहून आपण कुरकुरतो, त्याच यंत्राने हे काम पाच मिनिटांत होते.

व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि लग्नसराईही याच दिवसांत असते. येत्या महिन्यात आपल्यापैकी कित्येकांना किनाऱ्यावरच्या गावांतून हळदीची आमंत्रणे येतील. जेथे धवलारीण असेल तेथे डीजेच्या आधी जाऊन बसावे. तिची व घरधन्याची संमती घ्यावी. संपूर्ण धवला मुद्रित करावा. तिचे नाव, गाव, साल नोंदवावे. ती कोणाकडून शिकली तेही विचारावे. एक प्रत तिच्या घरी द्यावी आणि एक आपल्या वाचनालयात ठेवावी. तिला विद्वत्तेचे प्रश्न विचारून दमवू नये. मान द्यावा, मोबदला द्यावा आणि ऐकावे.

मग रात्री डीजे खुशाल वाजू द्या. दहानंतर तो बंद झाला पाहिजे एवढा कायदा पाळा म्हणजे झाले. त्यावर नाचणारी मुले पन्नास वर्षांनी याच सभागृहात बसून म्हणणार आहेत की, गाणी होती ती आमच्या हळदीतली! ती म्हणतील तेव्हा त्यांच्या हाती त्यांची गाणी असतीलच. त्यांच्या पणजीचे गाणेही असावे की नसावे, हे मात्र आज आपल्या हाती आहे.